आचानची मुळाक्षरं

५ फेब्रुवारी

आचानना दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात लोंबतोय. तोंड डावीकडे ओढलेलं. शब्द एकही नाही. तीस वर्षं व्हिएनतियानच्या शाळेत लाओ भाषा शिकवलेला माणूस!

डॉक्टर म्हणाले, "भाषा पुसली गेलीय. लहान मुलाला शिकवतात तशी पुन्हा शिकवा." कोणाला सांगतायत? मी पाचवी शिकलेली. शाळेच्या मुलींचे गणवेश शिवते.

सगळी गल्ली त्यांना आचान म्हणते. म्हणजे मास्तर. मीही तेच म्हणते. बायकोनं म्हणायचं वेगळं नाव एकतीस वर्षांत पडलंच नाही.

७ फेब्रुवारी

शेजारणीकडून पहिलीचं पुस्तक आणलं. को काय, कोंबडीचा को. खो खाय, अंड्याचा खो. खो ख्वाय, म्हशीचा खो. चित्रावर बोट ठेवून एकेक म्हटलं.

कोंबडीकडे बघून म्हणाले, "हिआर."

"काय," मी सुधारलं. लाओत कोंबडीला 'काय' म्हणतात.

"हिआर!" रागावून.

पाण्याचा पेला दाखवला. "ओम." डॉक्टर म्हणाले होते, निरर्थक आवाज निघतील, लक्ष देऊ नका. पण तोच आवाज, त्याच वस्तूला, तीनतीनदा?

१० फेब्रुवारी

हातापायांचा व्यायाम करून घ्यायला नर्स येते, वान्नासोन. उत्तरेकडची, उदोमसायची. आज थबकली. "मावशी, हे बरळत नाहीयेत. ही खमू भाषा आहे, आमच्या डोंगराकडची. माझी आजी बोलते."

मी हसलेच. आमचे आचान लाओ आहेत म्हटलं. आईबाप लढाईत गेले, देवळात वाढले.

तिनं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांच्या – त्या भाषेत. आचान रडायला लागले. मग बोलत राहिले. थांबेचनात.

"डोंगरावरच्या गावाचं नाव सांगतायत," ती म्हणाली. "बहीण आहे म्हणे. केओ."

११ फेब्रुवारी

तीन गणवेश शिवले. दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी

आई होती तेव्हा जेवताना खमू बायकांची नक्कल करायची. बांबूचे कोंब विकायला यायच्या त्यांची. 'मा' एका सुरात म्हटलं तर कुत्रा, दुसऱ्यात घोडा; त्यांचा सूर चुकायचा. "'काल कुत्र्यावर बसून आले,' म्हणे ती!" आम्ही पोट धरून हसायचो.

आचानही हसायचे. मग बरोबर सूर कसा लावायचा ते म्हणून दाखवायचे.

वान्नासोनच्या भावानं गावाकडे निरोप पाठवलाय. मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

२५ फेब्रुवारी

केओताई आल्या. दोन दिवस बसमध्ये. सत्तरीच्या, काटक, टोपलीचा पट्टा कपाळाला. दारातूनच हाक मारली, "लिआन!" मला वाटलं घर चुकल्या. आचाननी मान वळवली.

त्यांची लाओ तोडकीमोडकी, पण कळते. "विमानं आली, पळापळ झाली. हा बारा वर्षांचा. भिक्षूंनी ठेवून घेतला. नाव दिलं, भाषा दिली. आम्हाला वाटलं, मेला."

"मोठेपणी परत का आले नाहीत?"

"आता आजारी माणसाला काय विचारू, पोरी?"

मी विचारलं असतं.

३ मार्च

दोघं दिवसभर बोलतात. हसतात. भात, मिरचीची चटणी, उकडलेली भाजी मी पुढे ठेवते, ते जेवता जेवता बोलतात. माझ्याच घरात मी पाहुणी!

पण सकाळचा धडा चुकवणार नाही. त्या बहिणीशी बोलतील, ठीक. माझ्याशी कुठल्या भाषेत बोलणार?

९ मार्च

केओताईही धड्याला बसतात. मांडीवर पाटी. आयुष्यात पहिल्यांदा खडू धरला. प्रश्न मात्र वकिलाचे!

"अंड्याचा खो, म्हशीचा खो. तोंडात दोन्ही सारखेच. मग दोन कशाला?"

"सुरासाठी. अक्षर बघून सूर कळतो, वर चढवायचा की नाही."

"म्हणजे सूरसुद्धा लिहून ठेवता तुम्ही?" पाटीवरचा खो बोटानं गिरवला. "आम्ही तर काहीच लिहिलं नाही."

१५ मार्च

आचान आज "काय" म्हणाले. कोंबडीला! सूरही बरोबर. मी मशीनवरून उठून आत जाऊन आले. उगाच.

२२ मार्च

स्वर काढले. एक अक्षराच्या आधी लिहायचा, एक नंतर, एक डोक्यावर, एक पायाशी. काही तर चहूकडून घेरतात. केओताई म्हणाल्या, "बिचारं अक्षर! सासरी आल्यासारखं."

खूप दिवसांनी हसले.

मग सबंध ओळ दाखवली. शब्द एकमेकांना चिकटलेले. "मध्ये जागा नाही? श्वास कुठे घ्यायचा?"

"अर्थ कळला की जागा आपोआप दिसते," मी म्हटलं. हे आचानचं वाक्य. तेच माझ्याकडे बघत होते.

६ एप्रिल

आचान मागे पडतायत. मार्चमध्ये येत होती ती अक्षरंही गेली. कोंबडी गेली, अंडं गेलं. बहिणीशी मात्र खळखळून बोलणं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, धीर धरा.

माझंच शिकवणं कमी पडत असेल. की त्यांना लाओ नकोच आहे? आणि लाओ नको म्हणजे मीही नको?

हे लिहायला नको होतं. असू दे.

१८ एप्रिल

नववर्ष झालं. गल्लीतली मुलं आचानच्या हातांवर सुवासिक पाणी ओतून गेली. केओताईंच्याही.

दुपारी केओताईंनी औषधाच्या पुडीवरचं वाचलं. अक्षरागणिक थांबत, बोट ठेवत. "जे-व-ण-झा-ल्या-वर." मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बरोबर. त्यांनी पुडी छातीशी धरली.

संध्याकाळी म्हणाल्या, "मे महिन्यात डोंगरावर भात टोकायचा असतो. सुना वाट बघतायत. हा चार शब्द तुझ्याशी बोलायला लागला की मी निघते, त्यालाही महिनाभर तेच सांगतेय. तोवर नाही. असा मुका टाकून कसं जाऊ?"

आचान भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले असावेत.

२६ एप्रिल

आचानना आईच्या नकलांचं सांगितलं. धड्याऐवजी. कळत नाही तर नाही, म्हटलं, सांगून टाकावं. "तुम्ही रोज ताटावर बसून ऐकत होतात. मला एकदा तरी सांगायचंत." मग म्हटलं, "मीही हसत होते." डाव्या हातानं माझं मनगट धरलं. बराच वेळ. इतक्या वर्षांत असं नव्हतं धरलं.

शिवण राहिलं.

४ मे

केओताई सकाळी देवळात गेल्या. आल्यावर त्यांना शिकवायचा म्हणून पाटीवर 'जवळ' हा शब्द लिहिला. लाओत तोही 'काय'च. 'दूर'ही 'काय'च, फक्त सूर निराळा. आणि 'आय'च्या मात्राही दोन.

मागून आवाज आला. "ती 'दूर'ची मात्रा. 'जवळ'ची दुसरी."

स्वच्छ लाओ. सूर न् सूर जागेवर. चूक बघून मास्तरला राहवलं नाही!

मी वळले. "कधीपासून?"

"नववर्षाच्या आधीपासून." डोळे खाली. "मी बोललो की ती जाईल, वीलायवान. पन्नास वर्षांनी भेटलीय."

फाटक वाजलं. केओताई आत आल्या. "काही बोलला का गं?"

मी पाटी पुसली.

"नाही, ताई," म्हटलं. "बसा. पहिल्यापासून घेऊ."