वेदीमागचा चुना

१२ जानेवारी १९८४
गोराईची खाडी होडीने ओलांडून पुढच्या गावापर्यंत चालत आलो आणि जीव खूश झाला. जुन्या चर्चची मापं घ्यायची, कुठला भाग कधी बांधला ते ठरवायचं आणि वर पगार! पोर्तुगीजांच्या काळातलं काम. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात झोपेल. चर्चची देखभाल करणाऱ्या बस्त्यावने स्वतःच्या घरातली खोली दिली. तिकडे बोरीवलीत माझ्या बायकोला, कमलला, पाचवा लागलाय. डोहाळे काय, तर बाईसाहेब भिंतीचे पोपडे खातात! माझ्या धंद्याला अगदी साजेशी बायको मिळाली.

१६ जानेवारी
मनोरा नंतरचा, हे बांधणीवरून उघड दिसतं. पण वेदीमागची भिंत कशाशीच जुळत नाही. आज खरवडली. गिलावा चुन्याचा, पण तुपकट, बोटांना चिकटणारा. चुन्यात गूळ घातलाय का, हे जिभेवर ठेवून बघायची आमची जुनी सवय. ठेवला. गोड होता, पण मागाहून खरकट्या मटणाची चव राहिली. शी! बस्त्याव धावत आला, "तोंडान नको घालू रं बाला," म्हणाला. या भिंतीला चुन्याचा हात देताना गावकरी तोंडाला फडकं बांधतात म्हणे. का, ते सांगेना. मला हसू आलं.

२३ जानेवारी
काल घरी जाऊन आलो. गिलाव्याचा नमुना कॉलेजात तपासायला द्यायचाय, म्हणून पुरचुंडी करून घरी फळीवर ठेवली. कमलने जवळ येऊ दिलं नाही. तोंडाला घाण वास येतो म्हणाली. खरंय. दातांवर पांढरा थर चढतोय. नखाने काढला तर खाली ओला आणि कोमट. स्वतःचीच किळस येते. घास उतरत नाही.

२६ जानेवारी
चूळ भरली तर दात पडला. जिभेने चाचपलं. माझे सगळे जागेवर आहेत. मग हा कुणाचा? त्याला लांब केस गुंडाळलेला. कागदात बांधून ठेवला.

२७ जानेवारी
बस्त्यावला दात दाखवला. त्याने क्रूसाची खूण केली, मग बोलला. पटकीच्या साथीत एवढी माणसं मेली की पुरायला जागा उरली नाही. वेदीमागची भिंत तेव्हाची. चुन्यासाठी भाजायच्या शिंपल्या संपल्या, मग भट्टीत — लिहवत नाही. ज्याच्या पोटात तो चुना जातो, त्याच्यात ती माणसं पुन्हा हाडं धरतात म्हणाला. मी तर नुसती जीभ लावली —
फळीवर पुरचुंडी — कमल — सकाळची पहिली होडी —

२८ जानेवारी
पुरचुंडी रिकामी. फडकंसुद्धा चाटून स्वच्छ. एवढं चविष्ट कधीच खाल्लं नव्हतं म्हणते, अजून आण म्हणते. हसली — दात पांढरेफटक — तोच वास —
पोट एवढं कसं वाढलं? आठवड्यात?
बाळ हलतंय, हात लाव म्हणाली. लावला. आत दात वाजतायत. एकाचे नव्हेत, पुष्कळ —