वजनातून काढलेला घड

११ ऑगस्ट २०२४, रविवार
दादा नोकरीवर जाणार नाही. जेवताना जाहीर केलं, वाटी पुढे सरकवत, जणू भाजी मागतोय. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली जागा, दोन सप्टेंबरला हजर व्हायचं, आईचं गावभर सांगून झालेलं. तर हे महाशय म्हणतात, मी पोकरच्या टूर्नामेंट खेळणार. मोबाइलवर. पूर्णवेळ. "मी प्रो आहे."
प्रो! सव्वीस वर्षांत पाटाचं पाणी एकदा वेळेवर सोडलेलं नाही.
आप्पा ओरडले नाहीत. माझ्याकडे बोट केलं. "बेन हिसाब करी. ती म्हनी ते खरं."
नफ्याचं निघालं तर कारखान्याला नकार, आणि वर्षभर खेळायला केळीचे पैसे. तोट्याचं निघालं तर मुकाट्याने हजर व्हायचं. दादा लगेच हो म्हणाला. हसत. त्याला वाटतं, मी त्याचीच बहीण.

१३ ऑगस्ट
गेल्या वर्षभरातल्या सगळ्या खेळांची यादी दिली त्याने. तीनशेच्या वर टूर्नामेंट. बहुतेकांत फक्त प्रवेश फी गेलेली. कधीमधी थोडं परत. आणि मार्चमध्ये एकदा, दोन हजार माणसांत पहिला. एवढ्या एका दिवसावर माणूस स्वतःला प्रो म्हणवतो. लॉटरी लागलेला निदान पेढे वाटतो आणि गप्प बसतो.
त्याचा एक गुरू आहे, व्हिडिओतला. घरात बसून काळा चष्मा घालतो. "निकाल बघू नका, निर्णय बघा," म्हणतो. निकाल बघायची सोय नसेल तर दुसरं काय म्हणणार.

१५ ऑगस्ट
झालं. दादाचं एक वर्ष लॅपटॉपवर दहा हजार वेळा खेळवलं. आईला समजावलं: त्याच्या प्रत्येक टूर्नामेंटची एक चिठ्ठी, सगळ्या एका डब्यात. एक काढायची, बघायची, परत टाकायची. यादीत जेवढ्या, तेवढ्या वेळा काढल्या की एक वर्ष. असं दहा हजार वर्षं.
आई म्हणाली, "इतकी वर्षं तो जगनार शे का?"
जवळजवळ सगळ्या वर्षांत तोटा. ताटावर बसल्या बसल्या सांगितलं. आवाज मुद्दाम साधा ठेवला. फार बरं वाटत होतं, ते दिसू नये म्हणून.
दादा: "पुन्हा चालव."
मी: "दहा हजारदा चालवलंय."
आप्पा: "बस."
त्याने तिथेच कारखान्यात फोन केला. येतो म्हणाला.

१७ ऑगस्ट
कोड सहज परत वाचत होते. (सहज नाही. मी सगळंच परत वाचते. गॅस बंद केला का, हेही दोनदा बघते.) दुसरीच ओळ: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा वगळा. मीच लिहिलेली. कधी लिहिली आठवतही नाही, इतकी हाताला सवय.
शाळेत जायच्या आधी आप्पांनी केळीच्या वावरात गणित शिकवलं. व्यापारी यायच्या आधी दहा घड तोलायचे. सगळ्यात जड काढून टाकायचा, सगळ्यात हलका काढून टाकायचा, उरलेल्या आठांची सरासरी. जड घड पाटाजवळचा असतो, तो वावराबद्दल खोटं सांगतो. माझं पहिलं गणित ते. पुढे विद्यापीठ झालं तरी बोटं तेच करतात.
इथे हलका काढून काही होत नाही. हरलं तर प्रवेश फी जाते, त्याच्या खाली काही नाही, आणि तशा चिठ्ठ्या शेकड्याने. पण जड घड म्हणजे मार्च. या धंद्यात कमाई येते ती अशा एखाद्या दिवशीच. मी तो दिवसच डब्यात टाकला नाही, आणि वर दहा हजारदा विचारलं, नफा कुठे आहे?
संख्याशास्त्रात एम.एस्सी.! पहिल्या वर्षाच्या मुलाने केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.
ओळ खोडून परत चालवलं. दहातली चार वर्षं तोट्याची, सहा नफ्याची. आणि ती चार कुठली? ज्यांत मार्चची चिठ्ठी एकदाही हाताला लागली नाही, ती. म्हणजे सगळं त्या एका चिठ्ठीवर. ती कसबाची की नशिबाची, हे तीनशे खेळांवरून कळत नाही. काही हजार तरी हवेत.
खरं उत्तर: माहीत नाही.
मी 'नाही' सांगून बसले.

१९ ऑगस्ट, राखी
दादाला ओवाळलं. "यंदा ओवाळणी पहिल्या पगारातून, थांब थोडी." खवचटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. साधंच बोलला. राखीची गाठ दोनदा सुटली.

२१ ऑगस्ट
आप्पांना वावरात गाठलं. सगळं सांगितलं.
"मंग बरोबरच करं तू. मोठा घड काढाच लागस."
"आप्पा, ही केळी नाही. इथे मोठा घड हेच पीक."
"तो घड परत येनार शे का?"
"माहीत नाही."
"मंग मोजू नको."
तेच चिडवतंय. चुकीच्या हिशोबात ते एक बरोबर बोलले, आणि मी बरोबर हिशोब घेऊन बांधावर उभी.
मग म्हणाले, "दादाले सांगू नको. पोऱ्या ठिकानावर येल शे."
म्हणजे हिशोब हवाच नव्हता. 'नाही' हवं होतं, आणि ते माझ्या तोंडून हवं होतं. ज्यांनी तोलायला शिकवलं, त्यांनीच काट्यावर बोट ठेवलं. आणि मला दोन दिवस किती मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

२६ ऑगस्ट, आठम (गोकुळाष्टमी)
दरवर्षीप्रमाणे ओट्यावर पत्ते. आठमला खेळलं तर जुगार नाही म्हणे, रिवाज. नानाकाका, ज्यांनी आठवडाभर दादाला जुगारी म्हणून घेतलं, पत्ते न बघताच पैसे लावत होते. हरले की मांडीवर थाप मारून हसायचे. यांची दहा हजार वर्षं चालवायला लॅपटॉप लागत नाही.
"काय रे प्रो, बठस का आमना संगे?"
"नको काका. तुम्ही पत्ते बघत नाही, तुमच्याशी खेळायची मला भीती वाटते."
सगळे हसले. मीही. मग जाणवलं, इतक्या माणसांत डाव कळणारा तो एकटाच होता, आणि तोच बाजूला बसून शेंगा सोलत होता.
आत जाताना विचारलं त्याने, "मार्च धरला होतास ना हिशोबात?"
मी म्हटलं, "पाणी आलंय वाटतं," आणि मोरीकडे गेले. पाणी आलं नव्हतं.

१ सप्टेंबर, रविवार
उद्या सकाळच्या शहादा बसने तो जाणार. आईने डबा आत्ताच घासून ठेवलाय. आप्पा दुपारपासून माझ्याकडे बघत नाहीत. मीही त्यांच्याकडे नाही.
सांगितलं आणि तो खेळून बुडाला तर माझ्यामुळे. नाही सांगितलं आणि त्याने जन्मभर कारखान्यात दुसऱ्यांचा ऊस मोजला तर तेही माझ्यामुळे. दोन्ही बाजूंनी तोलून पाहिलं. कुठलाच घड काढून टाकता येत नाही.
संध्याकाळी दादाला व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली. दोन्ही हिशोब, चुकलेला आणि दुसरा. चुकलेली ओळ लाल केली. शेवटी लिहिलं: 'नफा की तोटा, माहीत नाही. मी नाही म्हणाले ते चूक होतं. हो म्हटलं असतं तर तेही चूक.'
पलीकडच्या खोलीत तो उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता. फोन वाजल्याचं मला इथे ऐकू आलं. खुणा निळ्या झाल्या.
इस्त्रीचा आवाज थांबलाय.