उतारावरची मोहरी

१६ जानेवारी १९८३, लाखनी

सायकलच्या शर्यतीत पाचवी आले. पाचच जणी होतो.

एकोडीकडच्या तलावापर्यंत मीच पुढे होते. शोभाच्या चेनचा आवाज आधी मागे येत होता, मग तोही येईना. तलावाच्या पारावरून, म्हणजे बांधावरून, उतार लागला आणि खाली तिरडी दिसली. हिरवं लुगडं. शर्यत आहे म्हणून लोक बाजूला झाले, एकाने हात करून जा जा असंही म्हटलं. रस्ता मोकळा होता.

पण तिरडीच्या मागे मुरमावर मोहरी टाकलेली होती. पिवळी, रस्ताभर.

ब्रेक लावला. उतरले. शोभा दाण्यांवरून सरळ गेली, बाकीच्याही गेल्या. मी सायकल उचलून शेजारच्या धानाच्या बांधीत उतरवली. लाखोरीच्या उभ्या पिकातून ओढत ओढत पुढे. पुन्हा बसले तेव्हा पायात काही उरलंच नव्हतं.

१७ जानेवारी

बाबा पोस्टातून आले ते बूट न काढताच बसले. त्यांना बाजारात कोणीतरी सांगितलं.

"काहून उतरली तू?"

मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"मान द्यायले उतरली असशील तर मले काही म्हणायचं नाही. पण भेव वाटलं म्हणून उतरली असशील तर..."

वाक्य तसंच सोडून हात धुवायला गेले.

मोठीमायने लहानपणी सांगितलं होतं. बाबांची वहिनी ती, शेतावरून आली की मला जवळ घेऊन बसायची. बाळंतपणात गेलेली बाई लेकरासाठी परत येते. म्हणून तिच्यामागे मोहरी टाकतात. ती एक एक दाणा वेचत बसते, वेचता वेचता उजाडतं, घर गाठता येत नाही. आणि जो त्या दाण्यांवरून जाईल त्याच्या मागे ती लागते.

बाबांना हे कधी सांगितलं नाही. त्यांनी मला शाळेआधी घरीच अक्षरं शिकवली. पाटीवर लिहून घ्यायचे, ‘का?’ विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे जुने गंडेदोरे त्यांनी स्वतः काढून टाकले. आणि त्यांची मुलगी मोहरीला...

२० जानेवारी

खेळाच्या सरांनी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणे नंदाने नंबर सोडला पण मृताचा मान राखला, याला संस्कार म्हणतात. टाळ्या झाल्या. मान खाली घालून उभी होते, सगळ्यांना तो विनय वाटला.

जिल्ह्याच्या संघाची निवड दोन फेऱ्यांची आहे. दुसरी पुढच्या महिन्यात, त्याच रस्त्याने. पहिली आले तर अजून जमेल असं सर म्हणाले.

त्याच रस्त्याने.

शोभा घंटेनंतर भेटली. "काहून वो नंदा, भुताले साइड देऊन राहिली होती का?"

हसलेही. मग विचारलं, तुला नाही वाटलं काही?

"मले तं दिसलीच नाही मोहरी. मी तुह्या मागच्या चाकाकडे पाहून राहिली होती, कधी गाठते म्हणून."

दाण्यांवरून जाऊनही तिला भूक लागते, झोपही येते. मला नाही.

२४ जानेवारी

सरावाला गेले. हमरस्त्यावर ट्रक मागे असले तरी काही वाटत नाही. कच्च्या रस्त्याला वळलं की मागे कोणीतरी चालतंय. चेनचा आवाज नाही. पावलांचा. वळून पाहिलं, कोणी नाही. पुढे बघितलं की पुन्हा. सायकल बाबांची, मोठी. मधल्या दांडीवरून पाय टाकून पटकन उतरता येत नाही, म्हणून वळून वळून पाहताना एकदा नालीत गेले. कोपर सोललं.

मी तर दाण्यांवरून गेलेच नाही. मग माझ्याच मागे का?

२७ जानेवारी

मनाशी नीट विचारून पाहिलं, बाबा शिकवायचे तसं. तिरडी पाहून उतरले का? नाही. तिरडी दिसली तेव्हा ब्रेक लावला नव्हता. मोहरी दिसली तेव्हा लावला.

म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे. सर मात्र आज पुन्हा कोणाला तरी सांगत होते. मी काही बोलले नाही. हे खोटं बोलणं आहे की नाही?

बाबांनी पुन्हा विचारलेलं नाही. वंदना झाली की पूर्वी शर्यतीबद्दल विचारायचे, आता पेपर उघडतात.

३० जानेवारी

एकोडीला जाऊन आले. घरी सरावाला जाते म्हटलं. तेही पूर्ण खोटं नाही, सायकलनेच गेले.

पानठेल्यावर विचारलं तर लगेच घर दाखवलं. गेलेलीचं नाव कुंदा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली, ती आहे. कुंदाची माय अंगणात बसून तिला चमच्याने दूध पाजत होती.

"तूच का वो ते सायकलवाली?"

हो म्हटलं.

"बाकीच्या सऱ्या भन्नाट गेल्या. तू एकलीच उतरली. माह्या पोरीचा मान ठेवला बाई तू. बस, पाणी पी."

पाणी न पिताच खाली ठेवलं. ‘मान नव्हता मावशी. मोहरी पाहून मी भ्याले होते.’ म्हणून टाकलं. बोलल्यावर वाटलं, आता ही उठवून लावणार.

तिने चमचा वाटीत ठेवला.

"मीबी भ्याली होती."

मग म्हणाली, "मोहरी मीच टाकली. लोक म्हणत, टाक वो, नाहीतर दुधासाठी परत येते अन लेकरू नेते. सुपातली सारी टाकली. पोटची पोर, अन तिलेच भ्याली. आता हे रडते तं वाटते, ये वो बाई, एक डाव ये, पाजून जा. पण वाट तं मीच अडवून ठेवली."

बाळ झोपलं होतं. मला घ्यायला लावलं. मला बाळाची मान धरता येत नव्हती, तिने माझा हात धरून दाखवलं.

३१ जानेवारी

बाबांना सगळं सांगितलं. सरावाचं खोटंही सांगितलं. भेव वाटलं म्हणूनच उतरले, हेही.

त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "तिले सांगितलं नाही ना, हे सारं खोटं असते म्हणून?"

"नाही."

"बरं केलं."

मग म्हणाले, "खोटंच असते पण." आणि चष्मा पुसत बसले.

सरांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, "असू दे, असू दे," आणि दुसऱ्याशी बोलू लागले.

८ फेब्रुवारी

पावलं अजून ऐकू येतात. फरक एवढाच, की आता ती कोणाची असतील हे माहीत आहे. चेहरा मात्र ठाऊक नाही. तिच्या मायला विचारायचं राहिलं, कुंदा कशी दिसायची. तिला पुन्हा हे विचारावं का? आपल्या भीतीसाठी तिला किती त्रास द्यायचा.

उतारावर ब्रेक सोडवत नाही. पारावरून खाली येताना बोटं आपोआप आवळतात. शोभा आज बरोबर होती. म्हणाली, "डोळे मिटून सोड." मग स्वतःच म्हणाली, "नको वो, मरशील." दोघी हसलो. खाली पोचली तेव्हा ती माझ्या फार पुढे होती.

१२ फेब्रुवारी

उद्या दुसरी फेरी.

एकोडीला गेले त्या दिवशीची एक गोष्ट लिहिली नव्हती. निघताना कुंदाची माय बाळाला घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. फेरी पुन्हा इथूनच जाते का म्हणून विचारलं. हो म्हटलं.

"मंग मी हिले घेऊन उभी राहते. उताराच्या खाली, तिथंच. पोरीले सायकल दाखवते."

मी सायकलवर बसले.

"थांबू नको हं तू," मागून म्हणाली. थोडं पुढे गेले तर पुन्हा हाक आली.

"थांबली तरी चालते."