पाय जोडीदाराने बघायचे

स्टुटगार्ट-त्सुफेनहाउझेन
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘मी मजेत’ म्हणून आईकडे देता, म्हणून हा कागद. खालच्या मजल्यावरच्या उर्सुला आजींची जिना पुसायची पाळी, म्हणजे इथली केअरवोखे, त्यांच्या गुडघ्यांमुळे हल्ली मीच करतो. बदल्यात त्या केक देतात आणि आपल्या आजोबांची पहिल्या महायुद्धातली पत्रं वाचून दाखवतात. खंदकात गुडघाभर चिखल, सदऱ्याच्या शिवणीत उवा, पावावर पहिला हक्क उंदरांचा, आणि ओले मोजे पोटाशी धरून वाळवायचे! मला तुम्हीच दिसलात. शाळेच्या सहलीत माझे भिजलेले मोजे तुम्ही बनियनखाली सरकवलेत, मित्र हसले आणि मी लाजलो. आज त्या लाजण्याचीच लाज वाटते.

आई म्हणते, तुमच्या डाव्या मोज्याला डाग असतो आणि पट्टी तुम्ही दार लावून बदलता. साखर आहे तुम्हाला, बाबा. खरं काय ते कळवा. तुमची नात तनया हालो म्हणते. लोभ आहेच, रागावलात तरी तो राहू द्या.

आपला,
रोहन

कोरेगाव, जि. सातारा
२३ नोव्हेंबर

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझे जर्मन आजोबा तर आमच्याच पलटणीचे निघाले! एकाहत्तरच्या नोव्हेंबरात पूर्व सीमेवर, भातखाचरात आमचा मोर्चा, म्हणजे खंदकच, होता. खणला की पाणी. रात्रभर डबड्याने उपसायचं, सकाळी पुन्हा तेवढंच. वाकून चालायचं, वाकूनच जेवायचं, पोळी भिजू नये म्हणून हेल्मेटात ठेवायची. तरी काय दिवस होते! खानापूरचा मोहन माझा जोडीदार. रोज संध्याकाळी मोजे काढून एकमेकांचे पाय बघायचे, मोहरीचं तेल चोळायचं, असा हुकूमच होता. स्वतःचे पाय स्वतः तपासायचे नाहीत. माणूस स्वतःला फसवतो, असं आमचे सुभेदार म्हणत. मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी हसलो की मोहन शिव्या घालायचा. तसा माणूस पुन्हा भेटला नाही.

पायाचं म्हणशील तर क्षुल्लक आहे. दुखत नाही. सूनबाईस आशीर्वाद, तनयाचा पापा.

तुझा,
बाबा

७ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

काल ‘ठीक आहे’ म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून या पत्राचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठवतोय. उर्सुला आजींनी शेवटची दोन पत्रं वाचली. एकात आजोबा लिहितात, पाय आता दुखत नाही, काळजी नसावी. दुसरं इस्पितळातून, परक्या हस्ताक्षरात आहे: पाय घोट्यापासून कापावा लागला. मी जिन्यात जाऊन रडलो.

मोहनकाका जवळ नाहीत म्हणून तुमचे पाय कुणी बघायचेच नाहीत का? त्यांचं पुढे काय झालं, तेही तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

रोहन

१२ डिसेंबर

चि. रोहन यास आशीर्वाद.

मोहनचं सांगतो. एका संध्याकाळी गोळाबारीने मी गळून गेलो होतो. तो म्हणाला, राहू दे शशा, दुखत नाही. मी राहू दिलं. तीन दिवस राहू दिलं. दोन्ही पायांची बोटं गेली त्याची. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण आपले पाय कुणाच्या हाती द्यायचा हक्क आपल्याला उरला नाही, असं तेव्हापासून वाटत आलं.

तुझं पत्र आईने वाचून दाखवलं आणि मी पाय तिच्या मांडीवर ठेवला. मोजा काढला आणि ती मला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सुई टोचली ती मला कळलीही नाही. सोमवारी दोन बोटं काढतील. आठवडाभर उशीर झाला असता तर पाय गेला असता म्हणाले.

याचाही फोटो आई पाठवेल, टपालाइतकी सवड नाही. मोर्चातून लिहिलेल्या प्रत्येक पत्रात जे लिहिलं, तुलाही मागच्या पत्रात लिहिलं, ते आज लिहीत नाही. इकडे सर्व क्षेम नाही. मला भीती वाटते. तू ये.

तुझा,
बाबा