ओला ठेवायचा दगड

१२ जून १९७८, सोमवार
फरशी झाली एकदाची. दोन खोल्या आणि पडवी. सारवण संपलं म्हणून कमल दिवसभर उगीचच या खोलीतून त्या खोलीत. तळवे गार लागतात म्हणे.
गवंड्यानं एक शहाबादी बाजूला काढली. वर सगळ्या लाटाच लाटा, बोटबोट रुंद, एकीमागं एक. ओढ्याच्या वाळूवर पाणी सोडून जातं तशा. तो म्हणाला, "खराब हाय सर. उलटी घालू का?" मी विचार करेपर्यंत कमलनं ती मागच्या अंगणात टाकायला लावलीसुद्धा. धुण्याला झकास, मळ पटकन निघतो.
शाळा सुरू. नववीचं भूगोलाचं पुस्तक बदललंय.

२३ जून, शुक्रवार
नवा धडा चौथ्यांदा वाचला. गेली सगळी वर्षं फळ्यावर काय लिहीत आलो? पृथ्वी निवत गेली, आकसली, सुरकुत्या पडल्या, त्या म्हणजे पर्वत. छान होतं. पोरांना वाळलेलं बोर दाखवलं की काम भागायचं. आता म्हणे तसं काही नाहीच. जमिनीचे मोठाले तुकडे आहेत आणि ते सरकतात. समुद्राचा तळ मधोमध फाटतो, तिथून नवा तळ वर येतो, जुना कडेला जाऊन पुन्हा पोटात जातो. बरं, मग सरकवतं कोण? त्यावर पुस्तकात दीड ओळ.
हेडमास्तरांना विचारलं. म्हणाले, परीक्षेला येईल तेवढं सांगा, बाकी सोडा.
मला सोडता येईना. संध्याकाळी मागं हात धुवायला गेलो तर कमल त्या लाटांवर माझा सदरा आपटत होती. एकदम सुचलं. शहाबादी म्हणजे चुनखडी. चुनखडी पाण्याखाली होते. म्हणजे ही फरशी एके काळी...

३० जून, शुक्रवार
फरशी शाळेत नेली. सायकलवर बसेना. शिपाई शरणप्पानं चुंबळ करून डोक्यावर घेतली.
टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हा समुद्राचा तळ. सगळा वर्ग उभा. "निंबर्ग्यात समुद्र, सर?" मग सुटलोच मी. तळ कसा फाटतो, जमिनी कशा सरकतात, आपला देश दक्षिणेकडून कसा आला आणि अजून उत्तरेला कसा चाललाय, नखं वाढतात तितक्या सावकाश.
आमचं निंबर्गा सीमेलगतचं, पण कर्नाटकात. मागच्या बाकावरून आवाज: "उत्तरेला म्हंजे सोलापूर की सर. मंग आपुन आपोआप महाराष्ट्रात जातावं!" म्हटलं, महाराष्ट्र बी सोबतच सरकायलाय. "मंग गाठ कवाच पडत न्हाई?" हे.मा. व्हरांड्यात थांबलेले दिसले, विषय बदलला.
तास लांबला. शरणप्पा घंटा द्यायची विसरून खिडकीत उभा. "सर, ह्यो दगूड किती दिस पाण्यात व्हता?" दिवस कसले, म्हटलं, माणूस जन्मायच्या आधीपासून पाण्यात.
परत नेताना त्यानं चुंबळ घेतली नाही. हातपाय धुऊन आला आणि खांद्यावरचा टॉवेल पिळून डोक्यावर ठेवला. उकाड्यानं असेल.
आजचा तास मात्र बहारीचा झाला. खूप दिवसांनी.

१० जुलै, सोमवार
सकाळी कमलची हाक. मागं दगडावर हळद-कुंकू, दोन पांढरी फुलं, समोर शरणप्पाची बायको महादेवी हात जोडून. कुंपणाच्या फटीतून आलेली. चौथा महिना. आधीची दोन पोटातच गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक.
"नागप्पा हाय, अक्का."
लाटा म्हणजे नाग सरपटल्याच्या खुणा. एवढ्यावर भागलं असतं तर समजूत काढली असती. पण इकडची रीत अशी, की नागाचा दगड पुजायच्या आधी विहिरीत बुडवून ठेवायचा, पाण्यात मुरू द्यायचा, मग बाहेर काढून बसवायचा. आणि हा दगड माणूस जन्मायच्या आधीपासून पाण्यात होता, असं खुद्द सरांनी वर्गात सांगितलेलं. शरणप्पानं शब्द न् शब्द घरी नेला. याहून मुरलेला नाग तिला मिळणार कुठं?
मी बोलायला गेलो. बाई, तो समुद्राचा तळ आहे. ती म्हणाली, "व्हय सर, तेच की."
कमल संतापली, माझ्यावर. आम्ही बौद्ध. छप्पनच्या पुढच्या साली तिच्या घरी धम्म घेतला तेव्हा ती लहान होती. आईच्या मागं ओढ्यापर्यंत गेलेली तिला आठवतं. "आमच्या आईनं घरातले देव पाण्यात सोडले. आणि तुमी पाण्यातला देव घरी आणलाव."
 

१७ जुलै, सोमवार
आठवडाभर रोजचं भांडण. महादेवी कुंकू लावते, कमल धुऊन काढते. आज कमलनं ती समोर असतानाच गोधडी टाकली दगडावर आणि मोगरीनं बडवायला लागली. मला वाटलं आता रडारड.
महादेवी बसून बघत राहिली. मग म्हणते, "धुवा अक्का. धुवाच. नागप्पाला ओलं लागतंय. सुकू देऊ नका म्हंजे झालं. माझं बाळतपण हुईस्तवर तेवढं करा."
कमलचा हात थांबला. बायको माझी बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण इथं तिला जागाच उरली नाही. न धुवावं तर दगड देव म्हणून मोकळा ठेवल्यासारखं, धुवावं तर सेवा केल्यासारखं.
मला हसू आलं. हसायला नको होतं. जेवताना मीठ जास्त.

११ ऑगस्ट, शुक्रवार
पंचमीच्या गडबडीत लिहिणं राहिलं. पंचमीला महादेवीबरोबर आणखी सात-आठ बायका. दूध, लाह्या, पिठाच्या उंड्या. आमच्या अंगणात, आमच्या! ज्यांनी आजवर आमच्याकडं घोटभर पाणी घेतलं नाही, त्या दगडावरून निथळलेलं दूध बोटानं डोळ्यांना लावत होत्या. कमल दारात कमरेवर हात ठेवून उभी. आत आली आणि म्हणाली, मला माझ्याच मोरीत जायला वाट न्हाई.
आज गावातली चार मोठी माणसं आली. गोड बोलत होती. देव असा मोरीपाशी बरा दिसत नाही गुरुजी, पारावर नेऊन बसवू, पिंपळाखाली. मला तर सुटल्यासारखं वाटलं. न्या म्हणणार होतो.
कमल आतूनच बोलली, "पारावर नेल्यावर मी त्येला हात लावायचा का न्हाई?"
ते एकमेकांकडं बघायला लागले.
"मंग राहू द्या. माझा धुण्याचा दगूड हाय."
माणसं गेली. मी विचारलं, तुला नको होता ना तो? म्हणाली, नकोच हाय. मग दिला का नाहीस? म्हणाली, कामून देऊ?
मला काहीच कळेनासं झालंय. घरातलं नाही आणि पृथ्वीचंही नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार
महादेवीला अंगणात चक्कर आली. कमलनं तिला भिंतीला टेकवलं, तांब्या तोंडाला लावला. ती प्याली. सगळा तांब्या. मग दोघींच्याही ध्यानात आलं. कमल सांगते, ती तोंड पुसून घरी गेली. उद्या येते का नाही बघू.

२० सप्टें.
आली. आल्या आल्या म्हणाली, अक्का, पाणी द्या.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. गुलबर्गा
शिक्षकांचं शिबिर. कॉलेजचे एक प्राध्यापक नवा भूगोल समजावून द्यायला. चहाच्या वेळी त्यांना गाठलं. दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासून लाटांचा ठसा आणला होता, तो दाखवला. खूश झाले. नीट बघा म्हणाले, प्रत्येक लाटेची एक बाजू उतरती, एक उभी. पाणी उतरत्या बाजूकडून उभ्या बाजूकडं वाहत होतं.
म्हणजे कुठून कुठं, सर?
"दगड खाणीतून काढताना उत्तर कुठं होती, खूण केली होती?"
कुठली खूण. दगड लॉरीतून आला, तिथून अंगणात, तिथून शरणप्पाच्या डोक्यावर.
"मग सांगता येणार नाही. जागेवरून हलला की दगड दिशा सांगत नाही."
दुसरं विचारलं ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं. समुद्राचा जुना तळ जर पोटात जातो, तर हा वर कसा राहिला? हसले. "हा महासागराचा तळ नव्हे हो. हा जमिनीवर पसरलेला उथळ समुद्र. माणूस उभा राहील इतकंच पाणी. त्या वेळी हा सगळा भागसुद्धा इथं नव्हता." मग निंबर्गा कुठं होतं? त्यांनी हात हवेत फिरवला. खाली कुठंतरी.
म्हणजे वर्गातलं माझं अर्धं चूक. समुद्र बरोबर, तळ चुकीचा. का उलट? आणि लाटा तर अगदी खऱ्या आहेत, बोट फिरवता येतं.
परत गेल्यावर पोरांना सांगायला हवं. महादेवीला काय सांगू? की बाई, थोडंच पाणी होतं?

३ नोव्हेंबर, शुक्रवार
पोरांना सांगितलं. मागच्या बाकानं विचारलं, पुढच्या वर्षी अजून बदलंल का सर? म्हटलं, बदलेलही. पोरं वहीत खाडाखोड करत होती. मला वाटलं चिडतील. एकजण म्हणाला, बरं हाय.
महादेवीला मात्र सांगितलं नाही. कमल म्हणाली, आठव्या म्हैन्यात बाईला कायबी सांगू नका.

४ डिसेंबर, सोमवार
शरणप्पा आज शाळेत सुन्न. सुईण म्हणाली पोर आडवं आहे. गुलबर्ग्याला न्यायला सांगितलंय.
गावात कुजबुज सुरू. कमलच्या कानावर आली, विहिरीवर. नागाच्या दगडावर यांनी चार-सहा महिने मळकी धुणी धुतली, त्याचं हे. बोलणारी पंचमीला दूध ओतणाऱ्यांतलीच एक.
मी म्हटलं, दगड आत्ताच्या आत्ता त्यांच्या पारावर टाकून येतो. कमल म्हणाली, आता नेला तर आपुनच कबूल केल्यासारखं. तिचं खरं आहे. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "जगलं तर दगूड देव व्हतोय. काय बरंवाईट झालं तर आपुन."
आम्हाला इथं घर बांधून पुरते सहा महिने नाहीत. फरशी अजून नवी आहे.

७ डिसेंबर, गुरुवार
महादेवीला सकाळच्या बसनं नेलं. जाण्याआधी आमच्या अंगणात आली, दोघांनी धरून. दगडाला हात लावला, मग कमलचा हात धरला. "सुकू देऊ नका, अक्का."
कमल म्हणाली, "तू जा. ते मी बघते."
मी पडवीत उभा. काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. बस कधी सुटते तेवढं विचारलं.

८ डिसेंबर, शुक्रवार
बातमी नाही. शाळेची घंटा मीच दिली. ऊन कडक, वारा कोरडा. ओतलेलं पाणी बघता बघता उडतं.
मला भीती वाटते. आपल्यासाठी वाटते का तिच्यासाठी, ते कळत नाही. दोन्ही एकात मिसळून गेलंय.
कमलनं काल सगळ्या गोधड्या धुतल्या, आज पडदे. मी म्हटलं, नुसतं तांब्याभर पाणी ओतलं तरी चालेल की. एकदम अंगावर आली. "दगडावर पाणी ओतायला मी काय पूजा करायलेय?"

१० डिसेंबर, रविवार
सकाळी एका माणसाकडून निरोप: अजून काही नाही, मोठ्या डॉक्टरांची वाट बघतायत. दुसरा निरोप, दुपारी, दुसऱ्याच माणसाकडून: पोट फाडायचं ठरलं. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, सांगणाऱ्यांनाच माहीत नाही.
दुपारभर नकाशा उघडून बसलो. रंग भरायचे होते उद्यासाठी. समुद्राला निळा द्यायचा की नाही, एवढंही ठरेना, बाजूला ठेवला.
संध्याकाळची बस आली. फाट्यापर्यंत जाऊन उभा राहिलो. शरणप्पा उतरला नाही. कंडक्टरला विचारलं, त्याला काही ठाऊक नव्हतं.
घरी आलो तर मागून मोगरीचा आवाज. कमल दोरीवरचे वाळलेले कपडे काढून पुन्हा दगडावर घेऊन बसली होती. माझा कालचाच सदरा, तिचं लुगडं, टॉवेल.
म्हटलं, हे धुतलेलेच आहेत ना?
मान वर न करता म्हणाली, "माहीत हाय."
बादली रिकामी होत आली होती. ती भरून आणायला गेलो.