मागच्या तारखेवर

४ ऑगस्ट
नव्या नोकरीचा पहिला दिवस. पाणीपुरवठ्याची कचेरी, नऊ संगणक आणि ते सांभाळायला एकटा मी. खिडकीजवळची जागा मिळाली, चहाही बरा आहे. मंडळी मात्र अजब. अपडेटची सूचना आली की सगळे डोळे मिटून 'नंतर' दाबतात, दोन वर्षं हेच चाललंय. हेडक्लार्क म्हणाले, हात लावू नका, चाललंय ते चालू द्या. त्यांच्या हाताचं प्लास्टर गेल्याच आठवड्यात निघालंय, तरी तोच हात हलवून दटावत होते. मी हसलो आणि दुपारपर्यंत नऊही यंत्रं अपडेट करून टाकली. घरी बायकोपुढे फुशारकी मारली. तिला सातवा चालू आहे. तेवढ्यात बाळाने आतून लाथ मारली, तर म्हणते, बघ, यालाही पटत नाहीये.

५ ऑगस्ट
तक्रारनोंदणीची प्रणाली उघडते आणि लगेच मिटते. जुन्या ब्राउझरसाठी बनवलेली, नव्याशी तिचं जमेना. काउंटरपुढे ही रांग. संगणकात जुन्या तारखांची एक यादी असते, त्यातली निवडली की तो त्या दिवशी होता तसा होतो. बरीच डोकेफोड करून सगळी यंत्रं तीन आठवडे मागच्या तारखेवर नेली. लगेच सुरळीत. आवक-जावकच्या बाईंनी फार कौतुक केलं. कसं करायचं ते मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

६ ऑगस्ट
हेडक्लार्कच्या हाताला पुन्हा प्लास्टर. पडलात का विचारलं, तर म्हणाले, महिना होत आला की. वर माझं नाव नव्याने विचारलं. विसरभोळे दिसतात.

११ ऑगस्ट
अपडेट आता आपोआप येतात, थोपवता येत नाहीत. प्रणाली पुन्हा आडवी. ती तारीख चालेना, म्हणून दोन महिने मागे गेलो.
घरी आलो. बायकोचं पोट लहान झालंय. ती म्हणते पाचवा. दवाखान्याच्या कार्डावरही पाचवाच. बरोबर दोन महिने कमी, यंत्रं मागे नेली तेवढेच.

१२ ऑगस्ट
पुढच्या तारखेवर जाता येत नाही. यादीत फक्त मागच्या. साहेबांना सगळं सांगितलं, त्यांनी रजा घ्यायला सांगितलं. भिंतीवरचा कागद फाडला. बाईंनी त्याच्या नऊ प्रती काढून ठेवल्यात, प्रत्येक टेबलावर एक.

१८ ऑगस्ट
बायकोला तपासायला नेलं होतं. तिकडे कचेरीत प्रणाली पडली, बाईंनी परस्पर आठ महिने मागे नेलं. मला त्रास नको म्हणून.
तपासणीच्या टेबलावर ती उठून बसली. विचारते, आपण इथे कशाला आलोय. पोट सपाट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीच नाही, कधी नव्हतंच.
मी रडतोय आणि तीच माझी समजूत घालतेय. काय गेलं तेच तिला ठाऊक नाही.

१९ ऑगस्ट
यादीत एकच तारीख उरलीय. दोन वर्षांपूर्वीची. आमचं लग्न गेल्या वर्षीचं. तेव्हा आम्ही भेटलोही नव्हतो.
वायरी उपटल्या — शिपायाने परत लावल्या — साहेबांनी मला बाहेर काढलं, दाराला आतून कडी —

दुपारी
काचेतून दिसतंय. पुन्हा अपडेट. रांग तटलेली. बाई कागद वाचतायत, ओळीवर बोट ठेवून — काच बडवली. कुणी बघत नाही —
बायकोला फोन लावलाय. वाजतोय. निदान तिचा आवाज — उचलला. तीच आहे. म्हणाली, नमस्कार, आपण कोण बोल—