प्रागचे तीन दिवस

माउंट रॉस्किल

शकुताईला बेबीचा जयभीम.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

विराजला ऑफिसच्या कामाने युरोपात जायचंय. त्याला जोडून तीन दिवस प्राग शहर बघायचं ठरलंय. "आई, तुम्हीही चला," असं आपली सूनबाई आरुषी आपणहून म्हणाली. तिथले रस्ते दगडी, म्हणून मी नवे बूट घेतले. महिनाभर रोज कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत, चालायचा सराव केला.

काल आरुषीने फ्रिजवर प्लॅन लावला. किल्ला, जुना पूल, नदीतली बोट, सगळं वेळेसकट. माझंही नाव आहे, तिन्ही दिवस: "आई – हॉटेल, मैत्रेयचं जेवण आणि झोप."

विराजला विचारलं, तर म्हणतो, "अगं, दगडांवर तुझे पाय दुखतील." लेकाला केवढी काळजी! नातवाला कडेवर घेऊन हेच पाय दिवसभर उभे असतात, तेव्हा दुखत नाहीत वाटतं.

विहारात सगळ्यांना सांग, बेबी प्राग बघायला चालली. बूट घेतले, तेही सांग. हॉटेलच्या खोलीचं तेवढं सांगू नकोस.

तुझी धाकटी,
बेबी